टॉवेलमधले दोष कॅमेऱ्यानं शोधायचेत, पण त्यावरचे शोधनिबंध वाचायलाच मिळत नाहीत

मागावरची, सोलापूर

नमस्कार.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. बारा माग, त्यातले चार जकार्डचे, म्हणजे कापडातच नक्षी विणणारे. अप्पांनी उभा केला, गेली दोन वर्षं मीही त्यांच्या जोडीला आहे. त्याआधी इथल्याच एका खासगी कॉलेजातून संगणक शाखेत एम.टेक. केलं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका व्यापाऱ्यानं आमचे साठ डझन टॉवेल परत पाठवले. किनारीच्या फुलाशेजारची एक उभी तार तुटली होती आणि तशीच शेवटपर्यंत विणली गेली होती. तपासणीच्या टेबलावर आमच्या दोन मावशी बसतात. वीस-वीस वर्षं कापड बघणाऱ्या बायका. पण सकाळपासून पांढऱ्यावर पांढरं बघत राहिलं की दुपारी चारला डोळ्यांना काय दिसणार? मावशी त्या दिवशी रडल्या. अप्पा कुणाला काही बोलले नाहीत, रात्री जेवले मात्र नाहीत. तेव्हाच ठरवलं, या टेबलावर कॅमेरा लावायचा. तार तुटली की घंटी वाजली पाहिजे.

साध्या टॉवेलवर माझा प्रोग्रॅम बरा चालतो. जकार्डच्या मालावर तो प्रत्येक फुलालाच दोष समजतो. नक्षी कुठं संपते आणि चूक कुठं सुरू होते हे त्याला कसं शिकवायचं, यावर जगात पंचवीस-तीस वर्षं काम झालंय. चित्रातली वीण गणितानं पारखणारे गॅबर फिल्टर आले, वेव्हलेट आले, आता डीप लर्निंग आहे. हे सगळं आहे एवढं मला ठाऊक आहे. आत काय लिहिलंय ते वाचता येत नाही.

वहीत मी ३१ निबंधांची नावं लिहून काढली. त्यातले नऊ सरळ उघडले. बाकीच्यांचा नुसता सारांश दिसतो आणि खाली किंमत. एका लेखाला तीसेक डॉलर, म्हणजे आमच्याकडं टॉवेलला शिलाई मारणाऱ्या बाईची जवळपास आठवड्याची मजुरी. एकदा मी पैसे भरून घेतलाही. नाव वाचून वाटलं, हाच तो. उतरवला तर चार पानं, त्यातलं एक संदर्भांचं, आणि जी पायरी मला हवी होती तिथं 'ही पद्धत आमच्या आधीच्या निबंधात दिली आहे' एवढं एक वाक्य. तो आधीचा निबंधही कुलपात.

कॉलेजात असताना ग्रंथालयातल्या काही संगणकांवर यातलं बरंच उघडायचं. निकाल लागला आणि खातं बंद झालं. तेव्हा मी परीक्षेपुरतं वाचलं. आता समोर माग चालू आहे, रोज माल निघतोय, आणि नेमकं आता दार बंद. याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

चोरून उतरवायची साइट मला माहीत आहे, तिचा पत्ता कृपया इथं देऊ नका. उद्या हे यंत्र शेजारच्या कारखानदाराला द्यायची वेळ आली तर ते कशाच्या आधारावर बांधलं हे मला मान वर करून सांगता आलं पाहिजे.

तर विचारायचं असं की, कुठल्याही संस्थेत नसलेल्या माणसाला हे निबंध सरळ मार्गानं कुठं मिळतात? केंद्र सरकारच्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेत माझ्यासारखीला काही जागा आहे का? आणि नक्षीच्या कापडासाठी आधी काय वाचावं हे कुणी सांगितलं तर उपकार होतील.


केगावचा विद्यार्थी

ताई, योजनेचं आधी सांगतो, कारण त्याबद्दल मलाही सुरुवातीला चुकीचं वाटलं होतं. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ती मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी मिळून ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं त्यात येतात आणि विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र कारभार बघतं. ६,३०० हून जास्त संस्थांना लाभ आहे, पण त्या कुठल्या तर केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. नावात राष्ट्र असलं तरी प्रवेश संस्थेमार्फत आहे, नागरिक म्हणून मिळत नाही. खासगी विनाअनुदानित कॉलेज विद्यापीठाला संलग्न आहे म्हणून आपोआप आत येत नाही. म्हणजे तुम्ही आज शिकत असता तरी अडलंच असतं.

माझा लॉगिन द्यावा असं तुमचं वाचून मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ते नियमात बसत नाही, आणि एका खात्यावरून भराभर लेख उतरले तर प्रकाशक अख्ख्या संस्थेचा प्रवेश थांबवतात. माझ्यामुळं इथल्या सगळ्या पोरांचं वाचन बंद पडायला नको. त्यापेक्षा एकदा केगावला आमच्या संस्थेत येऊन ग्रंथपालांना भेटा. बाहेरच्या व्यक्तीला ग्रंथालयात बसून काय वाचू देतात ते समोरासमोर विचारलेलं बरं. कारखान्याचं काम सांगा, टॉवेलचा तुकडा बरोबर आणा.


पुण्यातला सोलापूरकर

मी हिंजवडीत इमेज प्रोसेसिंगवरच काम करतो, घर सोलापुरात अशोक चौकाजवळ. आमच्या घरीही माग होते, १९९० च्या दशकात विकले. त्यामुळं तुमची पोस्ट दोनदा वाचली.

संगणकाच्या माणसाचं नशीब इतर शाखांपेक्षा बरं आहे, हे आधी मनात पक्कं करा. आपल्या विषयात नवं काम नियतकालिकांपेक्षा परिषदांमधून आधी बाहेर येतं, आणि परिषदांचे बरेच निबंध उघडे आहेत. सीव्हीपीआर आणि आयसीसीव्ही या संगणकीय दृष्टीच्या, म्हणजे संगणकाला चित्र ओळखायला शिकवण्याच्या विषयातल्या मोठ्या परिषदांचे २०१३ पासूनचे निबंध कॉम्प्युटर व्हिजन फाउंडेशनच्या साइटवर कुणालाही फुकट मिळतात. यूजनिक्स या संगणकवाल्यांच्या संघटनेच्या परिषदांचे २००८ पासून खुले आहेत. एसीएम या संगणकशास्त्राच्या मोठ्या संघटनेनं १९५१ ते २००० एवढ्या पन्नास वर्षांचे एक लाखावर लेख एप्रिल २०२२ मध्ये खुले केले आणि जानेवारी २०२६ पासून सगळंच प्रकाशन खुलं करायचं ठरवलं. निबंधांचे मसुदे फुकट ठेवणारं आर्काइव्ह तुम्हाला माहीत असेलच, १९९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञांसाठी सुरू झालं, संगणकशास्त्र त्यात १९९८ मध्ये आलं.

आता यादीत तुमचे २२ का अडकले याचा माझा अंदाज. 'फॅब्रिक डिफेक्ट डिटेक्शन' असं लिहून शोधलं की बहुतेक वस्त्रोद्योगाची आणि औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्सची नियतकालिकं वर येतात, आणि तिथं कुलपं जास्त. तोच प्रश्न संगणकीय दृष्टीवाले 'अनोमली डिटेक्शन', म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं काय ते हुडकणं, या नावानं सोडवतात. शब्द बदला, दार बदलेल. २०१९ च्या सीव्हीपीआरमध्ये एमव्हीटेक कंपनीच्या लोकांनी दोष शोधण्यासाठी ५,३५४ चित्रांचा संच दिला, त्यात १५ प्रकार आहेत आणि एक चक्क गालिच्याचा आहे. २०२२ च्या सीव्हीपीआरमधली पॅचकोर पद्धत त्यावरच तपासलेली आहे. निबंध खुला, कोडही खुलं. तिला शिकवायला फक्त चांगल्या मालाची चित्रं लागतात. तुमच्याकडं दोषाचे नमुने मूठभर आणि चांगला माल ढिगानं, म्हणजे तुमच्या कारखान्याला हे सरळ लागू पडतं.

एक काळजी घ्या. एमव्हीटेकचा चित्रसंच व्यापारी वापरासाठी नाही, परवान्यात स्पष्ट लिहिलंय. शिकायला वापरा. यंत्र दुसऱ्याला विकायचं असेल तर चित्रं स्वतःच्या टॉवेलची काढा.


इचलकरंजीहून

वाचायचं मोठी मंडळी सांगतीलच. मी दिव्याचं सांगतो, कारण त्यात माझे चार महिने गेलेत.

ट्यूबलाइटखाली फोटो काढत असाल तर आधी ती बंद करा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. कॅमेऱ्यात आडवे पट्टे येतात आणि प्रोग्रॅमला वाटतं बाणा, म्हणजे आडवा धागा, चुकला. डीसीवर चालणारी एलईडी पट्टी लावा. टॉवेलला लूप असतात, वरून सरळ उजेड टाकला तर सगळं सपाट पांढरं दिसतं. उजेड बाजूनं, अगदी तिरपा टाका, म्हणजे लूपची सावली पडेल आणि जिथं तार नाही तिथं सरळ काळी रेघ दिसेल. माझ्या धोतराच्या मालाला लूप नाहीत, मी खालून उजेड देतो.

हे मला एकाही निबंधाच्या सारांशात सापडलं नाही. आत असेलही. मलाही ते वाचायला मिळाले नाहीत.


जुना ग्रंथपाल

तुझ्या वयाची माझी पुतणी आहे म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

मी ३१ वर्षं ग्रंथपाल होतो. आमच्या वेळी सोलापुरात बसून परदेशी निबंध हवा असेल तर दिल्लीच्या इन्सडॉकला मागणीपत्र पाठवायचं. १९५२ मध्ये स्थापन झालेली ती सरकारी संस्था, वैज्ञानिक लेखांच्या छायाप्रती काढून द्यायची. पत्र जायचं, पैसे जायचे, आणि कधी तीन तर कधी सहा आठवड्यांनी पाकीट यायचं. एका प्राध्यापकांना मी मुंबईला जाताना कागदावर चार लेखांची नावं लिहून दिली होती, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जाऊन ते दिवसभर तिथल्या ग्रंथालयात बसून हातानं उतरवून आले. हे सांगायचं कारण, तुझ्या वहीतले २२ निबंध 'मिळत नाहीत' असं तू लिहिलंस ते मला पटलेलं नाही. ते प्रकाशकाच्या दारात मिळत नाहीत. त्यांतल्या बऱ्याच निबंधांची दुसरी प्रत कुठंतरी ठेवलेली असते. ती शोधणं हेच आमचं काम होतं.

एका निबंधाला किती रूपं असतात ते बघ. लेखकानं लिहिलेला पहिला मसुदा. मग तज्ज्ञांच्या सूचनांनंतर सुधारून स्वीकारलेला मजकूर. मग प्रकाशकानं पानं लावून छापलेली प्रत. कुलूप असतं ते या शेवटच्या प्रतीला. बरेच प्रकाशक पहिली दोन रूपं लेखकाला स्वतःच्या पानावर किंवा विद्यापीठाच्या भांडारात ठेवू देतात, दुसऱ्या रूपाला कधी काही महिन्यांची मुदत असते. मजकूर जवळपास तोच असतो, पानांचे आकडे फक्त जुळत नाहीत.

म्हणून निबंधाचं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर टाक आणि पहिल्याच दुव्यावर जाऊ नकोस. खाली बारीक अक्षरांत 'सर्व आवृत्त्या' असं असतं, ते उघड. तिथं एखादं विद्यापीठ, एखाद्या प्राध्यापकाचं जुनं पान निघतं. ब्राउझरला अनपेवॉल जोडून ठेव, २०१७ पासून आहे, ना-नफा संस्थेचं आहे. कायदेशीर खुली प्रत असेल तर पानाच्या कडेला हिरवं उघडं कुलूप दाखवतं. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं 'कोअर' हे जगभरच्या भांडारांतले लेख एकत्र शोधतं, तेही बघ.

नक्षीच्या कापडाबद्दल विचारलंस. या विषयातलं बरंच मुळातलं काम हाँगकाँगला झालंय. हाँगकाँग विद्यापीठातल्या गटानं नक्षीच्या कापडाची मांडणी गणितातल्या १७ भित्तिचित्र-समूहांवरून (इंग्रजीत वॉलपेपर ग्रुप) केली. आडवी-उभी अशी दोन्हीकडं पुन्हा पुन्हा येणारी कुठलीही सपाट नक्षी या सतरांपैकी एका प्रकारात बसते. नक्षीतला सर्वांत लहान पुन्हा येणारा तुकडा काढायचा आणि शेजारच्या तुकड्यांशी ताडून बघायचा. तुझ्या अप्पांना विचार, जकार्डचे भोकांचे पुठ्ठे (एका आडव्या धाग्याला एक) किती झाले की नक्षी पहिल्यापासून सुरू होते. लोकांना जो आकडा चित्रावरून शोधावा लागतो तो तुमच्या घरात तयार आहे. त्या विद्यापीठाचं स्कॉलर्स हब नावाचं भांडार उघडं आहे, लेखकाच्या नावानं तिथं शोध. आधी मात्र २००८ मध्ये आलेला संगणकीय दृष्टीनं कापडाचे दोष शोधण्याच्या पद्धतींचा आढावा वाच. सांख्यिकीय, वर्णपटीय आणि प्रतिकृतीवर आधारलेल्या, असे पद्धतींचे तीन गट त्यात पाडलेत. एकदा ते डोक्यात बसलं की ३१ पैकी कुठले खरंच हवेत ते कळेल. मला वाटतं दहाही नाहीत.

शोधगंगा विसरू नकोस. यूजीसीच्या २००९ च्या नियमापासून पीएच.डी.चे प्रबंध तिथं जमा होतात, प्रकरणवार उतरवता येतात, पैसे नाहीत, खातं नाही. दुसरं प्रकरण बहुधा आधीच्या कामाच्या आढाव्याचं असतं. जो निबंध अजिबात मिळत नाही त्याची पद्धत पुष्कळदा कुणीतरी तिथं चार पानांत समजावलेली असते. चार पानांच्या लेखात न मावलेल्या पायऱ्या अडीचशे पानांच्या प्रबंधात असतात.

तरीही राहिलाच तर लेखकाला पत्र लिही. बऱ्याच निबंधांच्या पहिल्या पानावर ईमेल असतो. विद्यार्थ्याचा असेल तर तो आता तिथं नसेल, मार्गदर्शकाला लिही. पाच-सहा ओळी पुरेत. तू कोण, काय बनवतेयस, कुठला निबंध हवा. 'महोदय, आपला अमूल्य वेळ' वगैरे नको. आणि एका वेळी एकच निबंध माग.

आणखी एक सांगतो, हे मला मनापासून खुपतं. फुकट मिळालं म्हणून सगळंच घेऊ नकोस. लेखकाकडून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं खूप झालीत, आपल्या भागातल्या किती मुलांनी त्यात पैसे घातले ते मी बघितलंय. त्यातले निबंध नेहमी उघडे असतात. निकाल ९९ टक्के, आणि चित्रं किती वापरली ते कुठंच नाही. तुझे सरळ उघडलेले नऊ पुन्हा एकदा तपास.


मागावरची, सोलापूर

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या सुट्टीत कामगार नव्हते म्हणून शांत बसायला मिळालं.

काका, तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. २२ पैकी बारा मिळाले. सात 'सर्व आवृत्त्या'मधून, त्यातले तीन हाँगकाँगच्या भांडारात. दोन हिरव्या कुलपानं दाखवले. तीन लेखकांनी पाठवले. सहा जणांना लिहिलं होतं, तिघांचं उत्तर आलं, एकाचं तर त्याच रात्री. त्यांनी निबंधाबरोबर आपल्या विद्यार्थ्याचा प्रबंधही पाठवला आणि विचारलं, टेरी, म्हणजे लूपवाल्या टॉवेलवर हे कधी करून पाहिलं नाही, तुमची चित्रं बघायला मिळतील का? मी ते पत्र अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला सांगितलं.

नऊ पुन्हा तपासले. चार टाकून दिले. एकात तर दोन वेगवेगळ्या तक्त्यांत तेच आकडे होते, हे आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पैसे भरून घेतलेल्या लेखातला तो 'आधीचा निबंध' अजून मिळालेला नाही, पण शोधगंगेवरच्या एका प्रबंधात ती पायरी सूत्रांसकट सापडली.

केगावलाही जाऊन आले. ग्रंथपालांनी टॉवेलचा तुकडा हातात घेऊन तार शोधली, त्यांना सापडली नाही. ग्रंथालयात बसून वाचण्यासाठी अर्ज द्यायला सांगितलंय, तो दिलाय.

इचलकरंजीच्या दादांनी सांगितलेली तिरपी पट्टी लावली. त्यानं जेवढा फरक पडला तेवढा माझ्या सहा महिन्यांच्या प्रोग्रॅमनं पडला नव्हता. आणि पुठ्ठ्यांचा आकडा अप्पांना तोंडपाठ होता. त्या किनारीला ३८४ पुठ्ठे. तेवढ्या आडव्या धाग्यांची उंची मोजून शेजारच्या दोन फुलांची वजाबाकी केली. प्रोग्रॅम आता फुलावर ओरडत नाही. तुटलेली तार दाखवतो. टॉवेल ओला किंवा ताणलेला असला की मात्र दोन फुलं एकसारखी बसत नाहीत आणि पुन्हा घंटी वाजत राहते. पॅचकोरचं कोड माझ्या लॅपटॉपवर चालतं पण एका चित्राला वेळ फार लागतो.

पुण्याच्या दादांना आता हे विचारायचंय. वजाबाकीच्या आधी ताणलेलं कापड सरळ बसवायचं कसं? यावर इमेज रजिस्ट्रेशनचे, म्हणजे दोन चित्रं एकमेकांवर नेमकी बसवण्याचे निबंध शोधतेय, पण त्यात सगळे मेंदूचे आणि फुप्फुसांचे फोटो आहेत. कापडासाठी कुठला शब्द टाकू?